सहा फटक्यांची शांतता

माझ्या मेहुण्याला मी पहिल्यांदा मारलं तेव्हा तो हसला आणि मला उलटी झाली. हे आधीच सांगून टाकतो. मागचं-पुढचं सांगत बसलो तर इथवर येण्याचा धीर मला होणार नाही.

आमचा कारखाना बिजागऱ्यांचा. मेहुणा पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होता आणि मी स्टोअरमध्ये. हातमोजे, ड्रिल, ऑइलचे डबे आणि मशीनचे जुने रबरी पट्टे यांच्या गर्दीत, जाळीच्या खिडकीमागे बसणारा माणूस. खिडकीखाली पुस्तक उघडं असायचं म्हणून मला सगळे ‘मास्तर’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती, हे मी कधी विचारलं नाही. मेहुण्याला ‘बुलबुल’ म्हणत, कारण प्रेसच्या दणदणाटातही तो शीळ घालायचा आणि ती ऐकू यायची. बायकोचा हा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, हिनेच त्याला वाढवला. लग्नानंतर आमच्या घरी आली ती एक ट्रंक, एक शिलाई मशीन आणि हा भाऊ घेऊन, आणि तिन्हीपैकी आवाज न करणारी फक्त ट्रंक होती, असं ती म्हणायची.

प्रेसला दोन बटणं असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की ते ठोकळ्याखाली असू शकत नाहीत, एवढी साधी युक्ती. पण तसं काम केलं तर दिवसाचे नग पुरे होत नाहीत. म्हणून आमचे सगळे प्रेसवाले डाव्या बटणाला पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवत, उजव्या हाताने ठोका मारत आणि डाव्याने पत्रा सरकवत. लाकडाची पाचर धक्क्याने निसटते, रबराची टिकते. जुन्या पट्ट्यातून अंगठ्याएवढे चौकोन कापून मी एका डब्यात ठेवायचो. कोणी खिडकीशी येऊन बोट दाखवलं की एक चौकोन द्यायचो. तपासणी असली की फोरमन शिट्टी वाजवायचा आणि सगळ्या पाचरा खिशात जायच्या. मला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. खिडकीशी येऊन कोणीतरी दोन शब्द बोलावेत, बहुधा एवढ्यासाठीच मी ते करत होतो.

त्या दिवशी सकाळी बुलबुल आला. “दाजी, जरा जाड द्या. कालची निसटत होती.”

मी जाड दिली.

दहाच्या सुमाराला शीळ मधेच तुटली. ठोकाही नेहमीसारखा वाजला नाही. पत्र्यावर पडतो तो कडक आवाज नव्हता, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा होता. मी धावलो. ठोकळा पूर्ण खाली बसला नव्हता, अडकला होता, आणि बुलबुलचा डावा हात मनगटापर्यंत त्याखाली होता. तो ओरडत नव्हता. हात दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा बघत होता. मशीनच्या चाकात घालायची पहार बाजूलाच होती. मी ती घातली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. ठोकळा आणखी नखभर खाली गेला.

तेव्हा तो ओरडला. “उलटं, दाजी! उलटं!”

शेजारच्या प्रेसवरच्या जाड्याने मला खांद्याने उडवलं, पहार घेतली आणि चाक मागे फिरवलं. हात सुटला तेव्हा दोन बोटं आतच राहिली. तळहातावर बिजागरीच्या पात्याचा ठसा उमटला होता, कडेच्या रेघेसकट, आणि स्क्रूची तीन भोकं आरपार. त्यातल्या एका भोकातून मला जमिनीवरचं तेल दिसलं. सगळे त्याला उचलून नेत असताना मी डाव्या बटणातून रबर उपसलं आणि खिशात घातलं. अहवालात कामगाराची चूक असं लिहिलं गेलं. बुलबुलनेही तेच सांगितलं.

जखम भरली. टाके निघाले, खपल्या पडल्या, सूज उतरली. चार महिन्यांनी त्याचा हात बघणाऱ्याला वाटावं की हे फार जुनं काहीतरी आहे. दुखणं मात्र जखमेबरोबर गेलं नाही. आधी ते दोन थोटकांत होतं. मग जी बोटं नव्हतीच तीही दुखू लागली. कोणीतरी ती मागे पिळतंय, असं तो म्हणायचा. मग मनगट, मग कोपर. पुढे पुढे शर्टाची बाही लागली तरी तो दात खायचा. पंख्याचा वारा सहन होईना म्हणून ऐन उकाड्यात आम्ही पंखा बंद करून बसायचो. एकदा मी त्याच्याजवळ बसून पेपराचं पान उलटलं, तर त्या झुळकेनेही तो किंचाळला.

शीळ तर थांबलीच होती. कारखान्याने त्याला माझ्या हाताखाली स्टोअरमध्ये बसवला. एका हाताने स्क्रू निवडायचे, जाड वेगळे, बारीक वेगळे. दिवसभर तो माझ्यासमोर बसायचा, डावा हात छातीशी धरून. पाचरेबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मी त्याच्या हाताकडे बघायचो नाही आणि तो माझ्या डब्याकडे.

दुखण्याच्या डॉक्टरबाईंकडे आम्ही तिघं गेलो.

“कापून टाका,” बुलबुल म्हणाला. “इथून. कोपरापासून.”

“कापला तरी दुखेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“नसलेला हात?”

“नसलेली बोटं दुखतातच ना?”

मग बाईंनी समजावून सांगितलं. हातात आता दुखण्यासारखं काही उरलेलं नाही. पण इतके महिने हाताकडून रोज ओरड येत राहिली आणि मेंदूने ती पाठ केली. लहानपणी पाढे पाठ करतो ना, तसंच. मग कोणी नुसतं ‘बे दुणे’ म्हटलं की ‘चार’ आपोआप तोंडातून येतं, विचार करावा लागत नाही. आता वारा लागला तरी मेंदू ‘चार’ म्हणतो.

“म्हणजे हुशार निघाला की,” बुलबुल म्हणाला. “शाळेत असताना कुठे तोंड काळं केलं होतं त्याने?”

बायको हसली. खूप दिवसांनी हसली. बाईंनी आरशाचा उपाय सांगितला. चांगला हात आरशासमोर हलवायचा, आरशात तो दुसऱ्या हातासारखा दिसतो, आणि मेंदूची हळूहळू समजूत पटते. सहा महिने, कदाचित वर्ष.

“आरशात बघून माणूस बरा झाला असता तर न्हाव्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा मिळाली नसती,” बाहेर आल्यावर तो म्हणाला. तीन आठवडे त्याने आरसा लावला. चौथ्या आठवड्यात तो फोडला.

एक दिवस कॉटच्या लोखंडी कोपऱ्यावर त्याची नडगी आपटली. चांगलीच, हाड दिसेल अशी. मी कापूस आणायला धावलो. परत आलो तर तो जमिनीवर बसला होता, पायातून रक्त वाहत होतं आणि चेहऱ्यावर असं काही होतं की मला वाटलं, हा शुद्ध हरपतोय.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, जणू कोणी झोपलंय आणि जागं होईल. “हात गप्प आहे.”

दहा-बारा मिनिटं तो हात गप्प होता.

त्यानंतर तो गाल आतून चावायला लागला. मांडीवर पातेलं आपटून घ्यायला लागला. मग घरी येताना ओठ फाटलेला, भुवई फुटलेली. बायको विचारायची, तो म्हणायचा, घसरलो. शेवटी जाड्याने मला खिडकीशी गाठलं.

“मास्तर, तुमचा बुलबुल बिघडलाय. परवा गोदीवरच्या हमालाच्या अंगावर उगाच थुंकला. त्याने धू धू धुतला. हा उलट हात उचलेल तर शपथ. वर त्याला म्हणतो कसा, अजून मार. हमाल घाबरून पळाला हो! एवढा रेडा!”

मी बुलबुलला विचारलं. पाचचा भोंगा झाला होता. दिवसपाळी गेली की दुसरी पाळी साडेपाचला येते. मधल्या अर्ध्या तासात कारखान्यात आवाज नसतो.

“बाहेर मार खाल्ला तर कधीतरी कोणीतरी सुरा काढेल,” तो म्हणाला. “माणूस ओळखीचा हवा. मोजून मारणारा. तुम्ही मारा.”

“मी?”

“तुम्ही झुरळसुद्धा पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडता, माहीत आहे मला. म्हणून तर. तुम्ही जास्त मारणार नाही.”

“नाही. हे माझ्याच्याने होणार नाही.”

तो थोडा वेळ स्क्रू निवडत राहिला. मग वर न बघता म्हणाला, “रबर देताना कुठे नाही म्हणालात?”

पाचरेबद्दल आठ महिन्यांत तो हे एवढंच बोलला. मी उठलो. भिंतीवर पट्ट्यांचे तुकडे टांगलेले असत. मी दोन बोटं रुंद, हातभर लांब असा एक काढला. त्याने शर्ट वर केला, उजव्या हाताने रॅकचा खांब पकडला आणि पाठ माझ्याकडे केली. पहिला फटका इतका हळू बसला की तो म्हणाला, “दाजी, धूळ झटकताय का?” दुसरा जोरात बसला. सहा मारले. पाठीवर सहा पट्टे उमटले, आधी पांढरे, मग लाल. तो खाली बसला, डोळे मिटले आणि हसला. वेडसर नाही. खूप दिवसांनी घरी आल्यासारखा हसला. “गेलं,” म्हणाला. मी कचऱ्याच्या डब्यात ओकलो. पण त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला, पंखा लावू दिला, बहिणीची थट्टा केली. दोन तास हात गप्प होता. सहा फटक्यांत दोन तास. मी स्वतःला म्हणालो, औषधच आहे हे, कडू असलं तरी.

दुसऱ्या आठवड्यात सहा फटक्यांचे दोन तास एक तासावर आले. मग सहाचे दहा झाले. दहाही अर्ध्या तासापुरते पुरेनात. पाठीला जागा राहिली नाही तेव्हा मांड्या घेतल्या. काळं-निळं पिवळं होण्याआधीच त्यावर नवं काळं-निळं चढायचं. पट्ट्याची कड लागून कातडी फाटायची, तर मी कडा घासून गोल केल्या. एका रविवारी मी घरी बसून पट्टा पकडायला नीट मूठ केली, सुतळी गुंडाळून. बायको म्हणाली, “हे काय करताय?” मी म्हणालो, “कारखान्याचं काम.”

ओकारी तिसऱ्या दिवशीच थांबली होती. चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की साडेचारपासून माझा उजवा तळहात गरम व्हायला लागतो. पुस्तक उघडं असायचं, पान उलटत नव्हतं. मी घड्याळाकडे बघायचो. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मला झोप लागायला लागली होती. अपघातानंतर ती गेली होती. डोळे मिटले की पहार दिसायची. आता गाढ झोपायचो, कष्ट करून आलेल्या माणसासारखा. मी ते औषधाच्याच खात्यात टाकलं. त्याच्याही आणि माझ्याही.

बायकोला कळायचं ते कळलंच. तो अंघोळ करून शर्ट घालत असताना ती आत गेली. मी बाहेर होतो. मग ती बाहेर आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, “त्याची पाठ माणसाची राहिली नाही हो.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, घसरलो. पाठीवर कोण घसरतं रोज?” तिने माझा हात धरला. “तुम्ही त्याच्याबरोबर असता. बघा, कोण आहे ते. जाड्याला घ्या बरोबर. जो कोणी त्याला मारतोय ना, त्याचे हात मोडा. दोन्ही. मी सांगते.”

“बघतो,” मी म्हणालो.

माझा हात तिच्या हातात होता. सुतळीने तळहातावर घट्टा पडला होता. तिला तो लागला असणार.

दुसऱ्या दिवशी वीस ठरले होते. सोळाव्याला बुलबुल म्हणाला, “पुरे.” मला ऐकू आलं. स्वच्छ ऐकू आलं. मी सतरावा मारला. अठरावा मारला. तो मागे वळला तेव्हाच थांबलो. दोघंही धापा टाकत होतो. तो माझ्याकडे बघत होता आणि मला आठवलं, ठोकळ्याखालच्या हाताकडे तो असंच बघत होता.

पुढच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी एकटाच डॉक्टरबाईंकडे गेलो. म्हणालो, ओळखीतला एक माणूस आहे. सगळं त्या ओळखीतल्या माणसावर घातलं.

“दुसरीकडे दुखवलं की मेंदू पहिल्याचा आवाज थोडा वेळ बारीक करतो,” बाई म्हणाल्या. “ते खरं आहे, नाटक नाही. पण रोज केलं की तेही अंगवळणी पडतं. आणि रोज काय शिकतो मेंदू? की या शरीरावर सारखा हल्ला होतोय. म्हणून तो पहारा वाढवतो. आधी हात दुखायचा, उद्या सगळं अंग दुखेल. जो कोणी हे करतोय तो दुखणं घालवत नाही. त्याची उजळणी घेतोय.”

“आणि मारणाऱ्याचा?” मी विचारलं. “त्याच्या मेंदूचं काय होतं?”

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे पाहिलं. “तळहाताला काय झालं?”

“बागकाम.”

“हं. तोही शिकतोच,” त्या म्हणाल्या. “त्याला म्हणावं, आजच थांब.”

त्या दिवशी पाचला बुलबुलने शर्ट काढला आणि खांब धरला.

“मी मारणार नाही,” मी म्हणालो.

“दाजी, नाटकं नकोत. आज सकाळपासून जीव चाललाय.”

“बाई म्हणाल्या, याने वाढतंय. आपण ते वाढवतोय.”

“बाईंना काय जातंय! त्यांच्या हातात भोकं आहेत का?” तो वळला. “बरं, दहा. दहाच मारा.”

“नाही.”

“पाच.”

“नाही, बाळा.”

बाळा म्हणायला नको होतं. त्याचा चेहरा बदलला. “काल मी पुरे म्हणालो होतो. ऐकू आलं नाही तुम्हाला?”

“आलं.”

“मग?”

मी भिंतीवरच्या पट्ट्याकडे पाहिलं.

“तुम्हाला मजा येते,” तो म्हणाला. “साडेचारला तुम्ही पाय हलवायला लागता. मला दिसतं. मुळमुळीत मास्तर! आयुष्यात कोणी विचारलं नाही, आता मिळालंय एक माणूस. आणि आज सोवळं नेसून बसलात?”

मी दाराकडे निघालो. त्याने स्क्रूचा भरलेला डबा उचलून माझ्या डोक्यात मारला. मी रॅकवर आदळलो, रॅकवरचे नट माझ्यावर पडले. मग तो मला मारत सुटला, एकाच हाताने. डावा हात छातीशी धरलेला, तान्हं मूल धरावं तसा, आणि उजव्याने मूठ, कोपर, मग हाताला लागला तो पाना. पान्याने माझे दोन दात गेले. दात गेल्याचं दुखलं नाही, तोंडात खडे आल्यासारखं वाटलं. बरगडी मोडली ती मात्र मला ऐकू आली. मी खाली पडलो तेव्हा तो लाथा घालत होता आणि रडत होता.

“मारा ना,” तो म्हणत होता. “एक तरी मारा. दाजी, एक.”

पट्टा भिंतीवरून खाली पडला होता, माझ्या हाताशी. सुतळीची मूठ माझ्याच बाजूला होती. मी ती धरली. दयेने धरली नाही. डोक्यातून रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि त्या लालभडक अंधुकात मला फक्त एक गोष्ट नीट दिसत होती, छातीशी धरलेली. मी उठून बसलो आणि तिच्यावर मारलं. सगळा जोर लावून, त्या हातावर.

मी कुठे मारायचं ते ठरवलं नव्हतं, असं नंतर बायकोला सांगितलं. ते खरं आहे का, मला माहीत नाही.

त्याच्या तोंडून आवाज आला नाही. डोळे वर गेले आणि तो उभाच्या उभा कोसळला. डोकं रॅकच्या पायावर आपटलं. मी पट्टा पुन्हा उचललेला होता. दुसऱ्या पाळीतला कोणीतरी दारात येऊन ओरडला म्हणून माझा हात न मारता खाली आला.

दवाखान्यात बायको आली तेव्हा मी बाकावर होतो, डोक्याला पट्टी, छातीला पट्टी. ती आधी आत भावाकडे जाऊन आली. तो शुद्धीवर होता पण बोलत नव्हता, चादर लागली तरी अंगभर थरथरत होता. मग ती माझ्यासमोर उभी राहिली.

“कोण होता तो? पाहिलात ना तुम्ही? तुम्हालाही मारलं त्याने?”

“मीच,” मी म्हणालो. दातांच्या फटीतून शब्द नीट निघाला नाही. पुन्हा म्हणालो. “त्याला मारणारा मीच.”

तिने विचारलं, “किती दिवस?”

“सव्वा महिना.”

“रोज?”

“रविवार सोडून.”

मग मी पाचरेचंही सांगितलं. जाड दिली होती तेही, पहारीचंही. तिने माझा उजवा हात उचलला, तळहात वर केला आणि घट्ट्यावर अंगठा दाबला. खूप जोरात दाबला. मी हात काढून घेतला नाही.

“परवा लागला होता मला हा,” ती म्हणाली. “लागला होता, तरी मी म्हटलं, छे.”

ती तीन आठवडे माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि आत जायची. मी जाईन कुठेतरी म्हणालो, त्यालाही उत्तर नाही. बुलबुलला घरी आणलं. डॉक्टरबाई घरी येऊन गेल्या. आरसा नंतर, म्हणाल्या, आधी स्पर्श. कापसाचा बोळा, अगदी हलका, मनगटापासून खाली, दहा वेळा, दिवसातून तीनदा. मेंदूला नवी गोष्ट शिकवायची, की हाताला काहीतरी लागलं म्हणजे हल्ला झाला असं नाही. महिने लागतील. आणि स्वतःच्या हाताने नको, दुसऱ्या माणसाच्या हाताने.

“मी करते,” बायको म्हणाली. पण बाई गेल्यावर ती कापसाचं पुडकं घेऊन माझ्यासमोर आली आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली.

“जो मारतोय त्याचे हात मोडा म्हणाले होते मी.”

“हो.”

“मोडत नाही. कामाला लावते.” तिने पुडकं माझ्या मांडीवर टाकलं. “तो तुमच्या हाताला घाबरतो. तुमचाच हात हवा.”

“आणि माझ्याकडून पुन्हा—”

“मी दारात उभी आहे.”

सकाळचे दहा वाजले होते. बुलबुल कॉटवर बसला होता, भिंतीकडे तोंड करून. डावा हात उशीवर ठेवला होता, तीन बोटं आणि तीन गोल व्रण, सुकून चकचकीत झालेले. मी समोर स्टूल घेतलं. बरगडी अजून नीट बसू देत नव्हती.

“हळू,” तो म्हणाला. एवढंच.

मी कापूस उजव्या हातात घेतला आणि मनगटाला लावला. लावला म्हणजे नुसता टेकवला. तो किंचाळला आणि त्याची लाथ माझ्या मोडक्या बरगडीवर बसली. डोळ्यांपुढे पांढरं झालं. श्वास परत आला तेव्हा माझा उजवा हात वर होता. खांद्याच्या वर, मूठ वळलेली, कापूस त्यात चिरडलेला. मी तो उचलला नव्हता. तो आपोआप गेला होता.

बायको दारातून एक पाऊल पुढे आली आणि थांबली.

बुलबुलनेही पाहिलं. तो मागे सरकला नाही. त्याने डोळे मिटले आणि हळूच, अगदी ओळखीच्या सवयीने, खांदा वळवून पाठ माझ्याकडे केली. मानेखाली पिवळे पडत चाललेले वळ दिसत होते. तो वाट बघत होता. माझ्या तळहाताला ऊब आली, साडेचारला यायची तशी.

मूठ उघडायला वेळ लागला. एकेक बोट सोडवावं लागलं. मग मी उजवा हात मांडीखाली घातला, त्यावर अंगाचा सगळा भार टाकला आणि डाव्या हाताने नवा कापूस तोडला. डाव्या हाताला काहीच येत नव्हतं.

“इकडे बघ,” मी म्हणालो. “मी मारत नाहीये. बघ.”

तो वळला नाही. हात मात्र उशीवरच ठेवला. मी कापूस टेकवला. तो पुन्हा किंचाळला, पुन्हा लाथ आली, या वेळी गुडघ्यावर. उजवा हात मांडीखाली उसळला. मी आणखी जोराने त्याच्यावर बसलो.

“एक झालं,” दारातून बायको म्हणाली. “अजून नऊ.”